चाकूच्या मुठीतला चुंबक : एका छोट्या खटक्यामागचा मोठा इतिहास

मिटता चाकू ही वस्तू तिच्या पात्यामुळे नव्हे, तर मिटण्यामुळे अवघड ठरते. धार लावणे माणसाला फार पूर्वी साधले. परंतु तेच पाते खिशात घेऊन वावरायचे, ते चालता-बोलता उघडून मांडीत घुसता कामा नये, आणि गरज पडताच एका अंगठ्याने सहज उघडले पाहिजे, अशा तिन्ही अपेक्षा एकत्र आल्या की लोहाराचे काम संपून यंत्रकाराचे सुरू होते. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे सापडलेला मिटता चाकू सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. त्यानंतरचा या वस्तूचा सारा इतिहास पाते मिटलेले कसे ठेवायचे आणि उघडलेले कसे रोखायचे, या दोन प्रश्नांभोवती फिरत राहिला.

लोहचुंबकाची ओळखही जवळपास तितकीच जुनी. भारतात वैशेषिक सूत्रांत चुंबकाकडे सरकणाऱ्या सुईचा उल्लेख येतो आणि सूत्रकार तिच्या गतीचे कारण 'अदृष्ट' मानतात. म्हणजे पोलादी पाते आणि त्याला ओढणारा दगड, दोघेही दोन हजार वर्षांहून अधिक काळ एकाच जगात नांदत होते. चाकूच्या मुठीत चुंबक बसवून पाते मिटलेले ठेवावे ही कल्पना आज एखाद्या शाळकरी मुलालाही सुचेल. तरीही ती गेल्या काही दशकांपर्यंत व्यवहारात उतरली नाही. ती सुचली नव्हती म्हणून असे झाले, असे मानण्याचे कारण नाही. त्या मुठीत मावेल आणि मावूनही चुंबक राहील, असा चुंबकच जगात नव्हता.

चुंबक येण्यापूर्वी कारागिरांनी काय केले, ते आधी पाहावे लागते. सर्वांत सोपा उपाय घर्षणाचा. फ्रान्सच्या सावोय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने 1890 मध्ये घडवलेला शेतकऱ्यांचा चाकू मूळचा असाच होता : लाकडी मुठीच्या फटीत पाते घट्ट बसायचे, इतकेच. पावसात लाकूड फुगले की पाते निघता निघत नसे, आणि लाकूड झिजले की ते आत टिकत नसे. उघडे पाते रोखणारे फिरते कडे या चाकूला 1955 मध्ये मिळाले. दुसरा उपाय स्प्रिंगचा. मुठीच्या पाठीत पोलादाची लवचीक पट्टी बसवायची आणि तिने पात्याच्या बुडावर सतत दाब द्यायचा. बुडाचा आकार असा घासायचा की पाते पूर्ण मिटलेले वा पूर्ण उघडलेले असतानाच पट्टीला विसावा मिळावा. इंग्लंडमधील शेफील्डच्या कारागिरांनी याच रचनेवर नाव कमावले. आजोबांच्या कपाटात सापडणारा पेन्सिल तासायचा चाकू बहुधा याच जातीचा असतो. उघडताना नख दुखवणारा.

भारतात या घराण्याचा सर्वांत प्रसिद्ध वंशज उत्तर प्रदेशातील रामपूरचा. 'रामपुरी' हा शब्द हिंदी चित्रपटांनी देशभर पोहोचवला. त्यातला खलनायक पाते उघडताना होणाऱ्या आवाजानेच ओळखू येई. तो आवाज स्प्रिंगने ताणलेल्या खटक्याचा होता. 1990 च्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्यांवर राज्यात बंदी आली आणि हा धंदा आक्रसला. 2023 मध्ये रामपूर शहराच्या एका चौकात सुमारे 20 फूट लांबीचा चाकू स्मारकासारखा उभारण्यात आला. कारागिरांच्या हातात काम उरले नाही की वस्तूचा पुतळा होतो, असे तो पाहून कोणी म्हटले, तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

तिसरा उपाय अलीकडचा. 1980 च्या दशकात अमेरिकी कारागीर मायकेल वॉकर याने आतल्या पातळ धातूपट्टीने पाते रोखण्याची रचना सुधारली. तिच्यात पट्टीवर एक अतिशय लहान कठीण गोळी आणि पात्याच्या बुडाला एक खळगा असतो. पाते मिटले की गोळी खळग्यात बसते. अंगठ्याने जोर लावला की ती बाहेर निसटते. आजचे बहुसंख्य महागडे चाकू याच तत्त्वावर चालतात. मात्र गोळी खळग्याबाहेर आल्यावरही पात्यावर घासत राहते आणि वर्षानुवर्षांच्या वापराने तिथे रेघ उमटते. खळगा केसभर इकडेतिकडे पडला तरी सगळी रचना बिघडते.

चुंबकाचे आकर्षण इथेच सुरू होते. तो घासत नाही, थकत नाही, त्याला तेल लागत नाही. शिवाय त्याच्या ओढीचा स्वभाव स्प्रिंगच्या अगदी उलटा आहे. स्प्रिंग जितकी ताणावी तितकी ती अधिक प्रतिकार करते. हूकचा नियम शाळेतच शिकवला जातो. चुंबकापासून लोखंड जितके दूर न्यावे तितकी त्याची ओढ कमी होते, आणि तीही विलक्षण वेगाने. पाच मिलिमीटर व्यासाची आणि दोन मिलिमीटर जाडीची आधुनिक चुंबकाची चकती जाड सपाट लोखंडाला चिकटली असता अर्ध्या किलोहून अधिक वजन तोलते. मध्ये दोन मिलिमीटरची फट पडली की त्यातला थोडासाच जोर शिल्लक राहतो. मिटत्या चाकूला नेमके हेच हवे असते. पाते मिटलेले असताना घट्ट पकड हवी, आणि ते थोडेसे उचलले गेल्यावर अडथळा नको. परतताना शेवटच्या काही मिलिमीटरांत पाते स्वतःहून आत ओढले जावे, हीही सोय त्यात आपोआप होते. स्प्रिंगने हाच परिणाम साधायचा तर बुडाचा आकार घासण्यात कारागिराचे अर्धे आयुष्य जाते.

मग हे आधी का झाले नाही? त्याचे उत्तर प्रयोगशाळेतल्या नालेच्या आकाराच्या चुंबकात दडलेले आहे.

चुंबकाच्या दोन टोकांवर दोन ध्रुव असतात आणि त्यांचे क्षेत्र केवळ बाहेरच पसरते असे नाही. चुंबकाच्या अंगातूनही ते जाते, आणि तिथे त्याची दिशा चुंबकत्वाच्या विरुद्ध असते. म्हणजे प्रत्येक चुंबक स्वतःच स्वतःला पुसून टाकण्याचा सतत प्रयत्न करत असतो. ध्रुव एकमेकांपासून जितके लांब, तितका हा आत्मघात सौम्य. ध्रुव जितके जवळ, तितका तीव्र. म्हणून जुने पोलादी चुंबक लांब सळईसारखे असत, किंवा लांब सळई वाकवून तिची नाल केलेली असे. वापर नसेल तेव्हा नालेच्या टोकांवर लोखंडी पट्टी ठेवण्याची शिस्तही यातूनच आली. अशा पोलादाची पाच मिलिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर जाड चकती कापली, तर चुंबकित करून ठेवताच ती बहुतेक चुंबकत्व गमावून बसते. विरोधी क्षेत्र सोसूनही चुंबकत्व न सोडण्याच्या या चिकाटीला शास्त्रज्ञ 'कोअर्सिव्हिटी' म्हणतात. ती वाढवण्यासाठी विसाव्या शतकात झालेली झुंज हाच चाकूतल्या चुंबकाचा खरा इतिहास आहे.

चुंबकाच्या दुबळेपणाची जाण प्राचीनांना नव्हती असे मात्र नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शरीरात रुतलेले शल्य काढण्याचे पंधरा उपाय सांगितले आहेत आणि त्यांत 'अयस्कांत' म्हणजे लोहचुंबक आहे. वाचण्यासारखी गोष्ट आहे ती त्याला जोडलेल्या अटींची. शल्य सरळ मार्गात असावे, ते मांसात अडकून बसलेले नसावे, त्याला मागे वळलेले काटे नसावेत आणि जखमेचे तोंड रुंद असावे. अशा वेळीच चुंबक वापरावा. नैसर्गिक चुंबकपाषाण किती ओढू शकतो आणि कुठे हरतो, हे या यादीत कोणत्याही आकड्याशिवाय नोंदवलेले आहे. प्राचीन ज्ञानाच्या नावाने समाजमाध्यमांवर जे काही फिरते, त्याच्या तुलनेत हा मजकूर किती संयमी आहे!

विल्यम गिल्बर्टचा 'डी मॅग्नेट' हा ग्रंथ 1600 मध्ये आला आणि चुंबकत्व हा प्रयोगाचा विषय झाला. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये गोविन नाइट याने अनेक पोलादी सळया एकत्र बांधून पूर्वीपेक्षा पुष्कळ जोरदार चुंबक तयार केले. परंतु द्रव्य तेच राहिले : कार्बनयुक्त पोलाद. खरी कोंडी फुटली ती 1917 मध्ये जपानमध्ये. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून येणारा माल थांबला होता. तोहोकु विद्यापीठातील कोतारो होंडा यांनी कोबाल्ट, टंगस्टन आणि क्रोमियम मिसळून एक पोलाद तयार केले आणि संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या सुमितोमो घराण्याच्या प्रमुखाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'केएस' असे नाव दिले. त्याची कोअर्सिव्हिटी पूर्वीच्या पोलादांच्या कित्येक पट होती. पुढे 1931 मध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लोह, निकेल आणि अॅल्युमिनियम यांचा मिश्रधातू शोधला. त्यातूनच अल्निको कुटुंब जन्मले, आणि ध्वनिक्षेपकांपासून वीजमीटरपर्यंत सर्वत्र पसरले. तरीही अल्निकोचा चुंबक लांबटच करावा लागे. त्याचे क्षेत्र जोरदार, पण चिकाटी कमी.

दुसरी वाट मातीची होती. लोहाच्या ऑक्साइडपासून बनणाऱ्या फेराइटवर जपानमध्ये योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी 1930 च्या सुमारास काम केले, आणि 1950 च्या दशकाच्या आरंभी नेदरलँड्समधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेने बेरियम फेराइटचा चुंबक पुढे आणला. हा काळा, ठिसूळ, अतिशय स्वस्त चुंबक चकतीच्या आकारातही टिकतो. फ्रिजच्या दारातली लवचीक पट्टी फेराइटचीच भुकटी रबरात मिसळून केलेली असते. म्हणजे चपटेपणाची अडचण सुटली. परंतु फेराइटची ओढ इतकी बेताची की चाकूचे पाते भरवशाने धरायचे तर चकती मुठीपेक्षा जाड झाली असती. फ्रिजच्या दाराला जागेची चणचण नसते. मुठीत दोन पट्ट्यांमधली एकूण जागाच काही मिलिमीटरांची.

ओढ आणि चिकाटी एकत्र आणण्याचे काम विरल मृत्तिकांनी केले. 'रेअर अर्थ' म्हणून बातम्यांत येणारी हीच ती सतरा मूलद्रव्ये. नावात विरल असली तरी भूपृष्ठात ती तितकी दुर्मीळ नाहीत; एकमेकांपासून वेगळी करणे मात्र महाकठीण. त्यांच्या अणूंमधील काही इलेक्ट्रॉनांची मांडणी गोल नसून एका दिशेला लांबट वा चपटी असते, आणि स्फटिकात त्यांना एकच दिशा सोयीची वाटते. कोबाल्ट वा लोहाच्या अणूंचे चुंबकत्व या हट्टी शेजाऱ्यांना बांधले गेले, की तेही सहजासहजी दिशा बदलत नाही. अमेरिकेच्या हवाई दलाच्या ओहायोतील प्रयोगशाळेत कार्ल स्ट्रनॅट आणि गॅरी हॉफर यांनी 1966 मध्ये यिट्रियम आणि कोबाल्टच्या संयुगात ही शक्यता दाखवली. लवकरच समेरियम-कोबाल्ट चुंबक प्रत्यक्षात आला. तो उत्तम होता, पण महाग. त्यात 1978 मध्ये झाईरमधील शाबा प्रांतात युद्ध पेटले, तेथील खाणींवर अवलंबून असलेल्या कोबाल्टचे भाव कित्येक पटींनी चढले, आणि कोबाल्टशिवाय चुंबक करता येईल का, हा प्रश्न जगभरच्या प्रयोगशाळांत ऐरणीवर आला.

त्याचे उत्तर दोन ठिकाणी, दोन वेगळ्या मार्गांनी सापडले. फुजित्सू कंपनीत काम करणारे मासातो सागावा यांना वाटत होते, की लोह स्वस्त आणि मुबलक असताना कोबाल्टची गरज काय? लोहाच्या संयुगांत अणू एकमेकांच्या फार जवळ येतात आणि त्यामुळे चुंबकत्व डळमळते, असे एका परिसंवादात त्यांनी ऐकले होते. बोरॉनसारखा लहान अणू मध्ये घातला तर हे अंतर वाढेल, असा त्यांचा तर्क. 1982 मध्ये ते फुजित्सू सोडून सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये गेले आणि काही महिन्यांतच निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा चुंबक त्यांच्या हाती होता. गंमत अशी की बोरॉनने अणूंतले अंतर वाढवले म्हणून तो यशस्वी झाला, असे नव्हे. पूर्णपणे वेगळीच स्फटिकरचना तयार झाली होती. चुकीच्या तर्काने बरोबर दार उघडण्याची विज्ञानातली ही काही पहिली वेळ नव्हती. तिकडे अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट वितळलेला मिश्रधातू फिरत्या थंड चाकावर ओतून त्याच संयुगापर्यंत पोहोचले. नोव्हेंबर 1983 मध्ये पिट्सबर्ग येथील एकाच परिषदेत दोघांचेही काम जगासमोर आले.

चुंबकात किती ऊर्जा साठते, हे मोजणारे एक परिमाण आहे, मेगागाउस-ओर्स्टेड. कार्बन पोलादाचा आकडा एकाच्याही बराच खाली, फेराइटचा तीन-चार, अल्निकोचा साधारण पाच ते दहा, समेरियम-कोबाल्टचा वीस-तीसच्या घरात. निओडिमियमच्या चुंबकाने सुरुवातच तीसच्या पुढे केली आणि आज तो पन्नासही ओलांडतो. हरभऱ्याच्या डाळीएवढ्या तुकड्याने जड पोलादी पाते धरून ठेवावे, हे आता प्रथमच शक्य झाले.

चाकूवाल्यांनी ही संधी सावकाश घेतली. फुलपाखरी चाकूच्या दोन फिरत्या मुठी मिटलेल्या ठेवण्यासाठी कडीऐवजी लहान चुंबक येऊ लागले. काही घडीच्या चाकूंत गोळी आणि खळग्याची जागा चकतीने घेतली. मोठ्या उत्पादनातले ठळक उदाहरण लेदरमन या अमेरिकी कंपनीचे. टिम लेदरमन 1975 मध्ये जुन्या फियाट गाडीतून युरोप फिरत असता त्यांना पक्कड आणि चाकू एकत्र असावेत असे वाटले; त्यातून 1983 मध्ये त्यांचे पहिले बहुपयोगी अवजार बाजारात आले. 2019 मध्ये याच कंपनीने 'फ्री' नावाची मालिका काढली आणि तिच्या यंत्रणेत चुंबकांचा आधार घेतला. नख न घालता, एका हाताने उघडता येणे हा तिचा मुख्य दावा होता.

कायद्यालाही मिटण्याच्या या ओढीची दखल घ्यावी लागली आहे. अमेरिकेत 1958 च्या संघीय कायद्याने कळ दाबताच आपोआप उघडणाऱ्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली. एका हाताने उघडणारे साधे चाकूही त्यात अडकतील अशी भीती निर्माण झाली, तेव्हा 2009 मध्ये एक सूट लिहिली गेली. स्प्रिंग, खळगा किंवा अन्य यंत्रणेमुळे ज्याचा कल मिटून राहण्याकडे असतो, आणि जो उघडण्यासाठी हाताने जोर लावून तो कल मोडावा लागतो, तो चाकू या बंदीतून वगळला गेला. म्हणजे चाकूचा स्वभाव उघडण्याचा की मिटण्याचा, यावर कायद्याची रेघ आखली गेली आहे. मुठीतला चुंबक बहुधा त्या रेघेच्या सुरक्षित बाजूला काम करतो.

तरीही चुंबकाला कुलूप समजण्याची चूक करू नये. चुंबक सरळ ओढीला जितका विरोध करतो, तितका बाजूने सरकवण्याला करत नाही. फ्रिजवरचा चुंबक उचकटण्यापेक्षा घसरवून काढणे सोपे, हा अनुभव प्रत्येक घरात असतो. लाकूड कापताना उघड्या पात्यावर येणारा दाब चुंबकावर सोपवला, तर पाते बोटांवर मिटेल. म्हणून जाणते रचनाकार मिटलेले पाते धरण्यापुरताच चुंबक वापरतात आणि उघडे पाते रोखण्यासाठी पोलादाचीच अडणी ठेवतात. सुश्रुताच्या अटींचा आशय याहून फार वेगळा नव्हता. अन्य तक्रारीही आहेत. मुठीत लोखंडाचा कीस जमतो. पाते स्वतःच किंचित चुंबकित होते आणि शेजारच्या होकायंत्राला चकवते. निओडिमियमचा चुंबक ठिसूळ असतो, दमट हवेत गंजतो, म्हणून त्याला निकेलचा मुलामा लागतो. साध्या प्रतीचा चुंबक सुमारे 80 अंश सेल्सियसच्या पुढे कायमचा दुबळा होऊ लागतो. तापमान सोसावे म्हणून त्यात डिस्प्रोसियम वा टर्बियम मिसळतात. चाकूला त्याची फारशी गरज नसते; मोटारीच्या इंजिनाजवळ बसणाऱ्या चुंबकाला असते.

इथून ही कथा भारताच्या किनाऱ्यावर येते. ज्या निओडिमियमने हे सारे घडवले, ते मोनॅझाइट नावाच्या जड, पिवळट-तपकिरी वाळूत सापडते. 1909 मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्यात अडकलेल्या वाळूत मोनॅझाइट आढळले. त्या काळी त्यातले थोरियम हवे होते. गॅसबत्तीची जाळी थोरियम ऑक्साइडने झळाळत असे, आणि विरल मृत्तिका त्याबरोबर निघणारा उरलासुरला माल होता. त्यातून सिगारेट-लायटरचा चकमक-खडा बनवण्याची युक्ती ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यांनी काढली. म्हणजे खिशात चुंबक येण्याच्या कितीतरी आधी विरल मृत्तिका खिशात आल्या होत्या, ठिणगी होऊन.

स्वातंत्र्यानंतर थोरियम अणुऊर्जेचे इंधन म्हणून महत्त्वाचे ठरले. 1950 मध्ये इंडियन रेअर अर्थ्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि डिसेंबर 1952 मध्ये केरळातील आलुवा येथील तिच्या कारखान्याचे उद्घाटन पंतप्रधान नेहरूंनी केले. पुढे ओडिशातील छत्रपूरलाही मोठा प्रकल्प उभा राहिला. अणुऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार देशात सुमारे 1 कोटी 31 लाख टन मोनॅझाइट असून त्यात सुमारे 72 लाख टन विरल मृत्तिकांची ऑक्साइडे आहेत. पण मोनॅझाइट किरणोत्सारी असल्याने त्याचे सारे व्यवहार सरकारी नियंत्रणात राहिले. वाळू वेगळी करणे आणि ऑक्साइड बनवणे इथवर देशाने मजल मारली. ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू आणि त्यापासून चुंबक, या पुढच्या पायऱ्या औद्योगिक प्रमाणावर जवळजवळ रिकाम्याच राहिल्या.

या पायऱ्या सोप्या नाहीत. मिश्रधातू काही मायक्रॉनच्या भुकटीत दळावा लागतो, आणि ती भुकटी हवा लागताच पेट घेऊ शकते. जोरदार चुंबकीय क्षेत्रात तिचा प्रत्येक कण एकाच दिशेला वळवून ती दाबावी लागते, मग हजार अंश सेल्सियसच्या थोड्या वरच्या तापमानाला, हवेचा स्पर्श न होऊ देता, भाजावी लागते. हे कौशल्य जपान आणि अमेरिकेने मिळवले, आणि अमेरिकेने ते हातचे जाऊ दिले. जनरल मोटर्सने चुंबकासाठी उभारलेली मॅग्नेक्वेंच ही शाखा 1995 मध्ये चिनी भागीदारी असलेल्या गटाला विकली, आणि नंतरच्या वर्षांत तिचे अमेरिकेतील कारखाने बंद पडले. चीनकडे खनिज होते, शुद्धीकरण होते, आता भट्ट्याही आल्या.

त्याची किंमत 2025 मध्ये कळली. 4 एप्रिल रोजी चीनने समेरियम, डिस्प्रोसियम, टर्बियम यांसह सात विरल मृत्तिका आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीसाठी परवाने सक्तीचे केले. परवान्यांची वाट पाहत असलेल्या भारतीय वाहन उद्योगाला काही ग्रॅमांचे आणि काही शे ग्रॅमांचे चुंबक मिळेनासे झाले. चाकूच्या मुठीत चुंबक नसला तर जुनी स्प्रिंग आहेच. विद्युत दुचाकीच्या मोटारीत तो नसला तर उत्पादनाची साखळीच अडते.

भारतात तोवर काहीच झाले नव्हते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञानावर विशाखापट्टणम येथे समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा प्रकल्प उभा राहिला आणि 11 मे 2023 रोजी तो राष्ट्राला अर्पण झाला. त्याची क्षमता वर्षाला 3,000 किलो. संरक्षण आणि अवकाश क्षेत्रांसाठी ती मोलाची आहे. वाहन उद्योगासाठी मात्र समुद्रात थेंब. त्यानंतर 26 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 7,280 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ऑक्साइडपासून तयार चुंबकापर्यंतच्या सर्व पायऱ्या देशातच असाव्यात आणि वर्षाला 6,000 टन चुंबकांची क्षमता उभी राहावी, असा तिचा हेतू आहे. पाच उत्पादक निवडायचे असून कालावधी सात वर्षांचा आहे. योजनेच्या कागदावर भट्टीचा अनुभव नसतो, तो वर्षानुवर्षे वाया गेलेल्या घाण्यांतून येतो, हे होंडा आणि सागावा यांच्या चरित्रांत सहज दिसते. शिवाय भारतीय वाळूत निओडिमियम भरपूर असले तरी डिस्प्रोसियम आणि टर्बियम नगण्य आहेत. तापणाऱ्या मोटारींचा प्रश्न त्यामुळे अर्धाच सुटेल.

चाकूच्या मुठीतल्या त्या चकतीचा हिशेब मात्र लहान आहे. पाच मिलिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर जाड निओडिमियम चुंबकाचे वजन सुमारे 0.3 ग्रॅम भरते आणि त्यात निओडिमियम साधारण 0.09 ग्रॅम. भारतीय मोनॅझाइटमध्ये निम्म्याहून अधिक भाग विरल मृत्तिकांच्या ऑक्साइडांचा असतो आणि त्यांतला जवळपास पाचवा हिस्सा निओडिमियमचा. म्हणजे एका चाकूसाठी लागणारे निओडिमियम सुमारे एक ग्रॅम मोनॅझाइटमध्ये असते. छत्रपूरच्या किंवा चवराच्या किनाऱ्यावरून वेचलेली ही वाळू दोन बोटांच्या चिमटीत मावते.